बाळोत्यांची बखर

मराठ्यांच्या इतिहासात तलवारींना नावं आहेत, तोफांना आहेत, घोड्यांना आहेत. बाळोत्याला नाव नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर दोन्ही बाजूंनी जे लोक उभे ठाकले ते सगळेच्या सगळे, भाऊसाहेबांपासून अब्दालीपर्यंत, एके काळी कुठल्या तरी फडक्यात गुंडाळलेले होते आणि ते फडकं दिवसातून पंधरा-वीस वेळा कुणीतरी धूत होतं. ही साधी गोष्ट शाळेत आम्हाला कुणी सांगितली नाही. मलाही ती सुचली नसती. पण वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मला मुलगी झाली आणि इतिहास माझ्या घरी बादलीतून आला.

बँकेत पेढे वाटले तेव्हा दोन ग्राहकांनी 'आजोबा झालात वाटतं?' असं विचारून माझं अभिनंदन केलं. मी पितृत्वाची पंधरा दिवसांची रजा टाकली. या पंधरा दिवसांत बापाने नेमकं काय करायचं असतं, याबद्दल कुठल्या परिपत्रकात अवाक्षर नाही. मी मनाशी ठरवलं होतं की आरामखुर्चीत बसून बाळाकडे कौतुकाने बघायचं. पाळणा होता, आरामखुर्ची होती, पाकिटातले डायपर होते. सगळं आधुनिक होतं. आठव्या दिवशी बाळाच्या अंगावर लाल चट्टे उठले. डॉक्टर म्हणाले, ''काही दिवस सुती लंगोट वापरा. अंगाला वारा लागू द्या.''

आई आमच्याबरोबर दवाखान्यात होती. 'मी म्हणत नव्हते?' असं ती म्हणाली नाही. पण ते तिने अशा पद्धतीने म्हटलं नाही, की दवाखान्यातल्या सगळ्यांना ते ऐकू गेलं.

आता प्रश्न आला धुण्याचा. सौ.चे टाके ओले होते. आईच्या बोटांची पेरं संधिवाताने सुजलेली. कामाच्या बाईंनी ''कपडे म्हणाल तर धुते, हे नाही,'' असं स्पष्ट सांगितलं, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत एकच इसम रिकामा होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

मी ताबडतोब जोगेश्वरी स्टेशनच्या पूर्वेच्या बाजारातून दोन डझन कोरे लंगोट आणले. पांढरेशुभ्र, कडक, एकेकावर बदकाचं चित्र. घरी येताच एक बांधला. योगायोग असा, की त्याच संध्याकाळी आमचे शाखाधिकारी बाळ पाहायला आले. नवी कोरी पँट घालून आले होते. मोठ्या हौसेने त्यांनी मुलीला मांडीवर घेतलं. पुढच्या दोन मिनिटांत जे झालं त्याचं वर्णन हिशेबी भाषेत करायचं तर जमेची सगळी रक्कम परस्पर दुसऱ्याच्या खात्यात गेली. अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं पाणी लंगोटावरून घरंगळलं. लंगोट जवळजवळ कोरडा. साहेब ओले.

साहेब गेल्यावर आईने विचारलं, ''न धुता घातलास?''

''नवाच होता ना! स्वच्छ होता.''

''अरे, कोऱ्या कापडाला तहान नसते,'' आई म्हणाली. ''पाच-सहा वेळा धू. मग ते पाणी प्यायला शिकेल.''

वाणिज्य शाखेच्या पदवीधराला हे पटायला थोडा वेळ लागला. पण प्रकरण खरं आहे. कापसाच्या तंतूवर निसर्गतःच एक मेणाचा पातळ थर असतो. तो पाण्याला आत येऊ देत नाही. त्यात मागावर ताण्याचं सूत तुटू नये म्हणून गिरणीत त्याला खळ चढवतात. खळ म्हणजे पिठाचं शिजवलेलं पाणी, त्यात चरबी आणि इतर मसाला. कापड बाजारात कडक आणि भरदार दिसतं ते या खळीमुळे. कापूस थोडा आणि खळ फार, असंही पूर्वी चाले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तेव्हा तिथल्या गिरणीवाल्यांनी खळीत चिनी माती घालून कापडाचं वजन वाढवायचा सपाटा लावला. ते कापड हिंदुस्थानात येई आणि पहिल्या धुण्यातच त्याची बरीचशी भारदस्ती मोरीतून वाहून जाई. आपल्यावर राज्य करणाऱ्यांचा माल कसा होता हे आमच्या पणज्यांना बाळोती धुताना कळलं असणार. पुढाऱ्यांना कळायला आणखी काही वर्षं गेली.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली पहिली कापडगिरणी काढली. पुढे गिरण्यांचं गावच उभं राहिलं. आमचे बाबा त्या गावातले. लोअर परळच्या एका गिरणीत सायझिंग खात्यात होते. म्हणजे सुताला खळ चढवणं हेच त्यांचं काम. रोज पहाटे जोगेश्वरीहून लोकल पकडून ते खळ चढवायला जात आणि घरी आई मोरीवर बसून कोऱ्या कापडातली खळ उतरवत असे. दोघांचा संसार सुखाचा झाला. पण आयुष्यभर एकाने चढवलेलं दुसऱ्याने उतरवलं, ही गोष्ट आईने त्या संध्याकाळी सांगेपर्यंत माझ्या लक्षात आली नव्हती.

मी शिकवणीला बसलो. धडा पहिला: कोरे लंगोट रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालणे. सकाळी पाणी गढूळ, पेजेसारखं. धडा दुसरा: कढत पाण्यात साबण आणि चिमूटभर धुण्याचा सोडा घालून घुसळणे, पिळणे, उन्हात खणखणीत वाळवणे. धडा तिसरा: पुन्हा तेच. चौथा: पुन्हा तेच. प्रत्येक धुण्यानंतर आई वाळलेल्या लंगोटावर पाण्याचा एक थेंब टाकी आणि परीक्षकासारखी बघत बसे. पहिल्या दिवशी थेंब मोत्यासारखा वर बसला. तिसऱ्या धुण्याला तो विचार करू लागला. सहाव्या धुण्याला टाकताक्षणी नाहीसा झाला. ''झाला पास,'' आई म्हणाली. बँकेच्या परीक्षेत पास झालो तेव्हाही ती एवढी खूश झाली नव्हती.

मग रोजचा रतीब सुरू झाला. त्याचेही नियम आहेत. आधी गार पाणी. एकदम गरम पाण्यात टाकलं तर डाग पक्का होतो. मग साबण, मग गरम पाणी, मग फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळणं, कारण राहिलेला साबण बाळाला चावतो. नीळ नाही, कांजी नाही. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य तर अजिबात नाही. त्याचा थर बसला की लंगोट पुन्हा पाणी प्यायचा विसरतो, म्हणजे सहा धुण्यांची तपश्चर्या वाया. ओला लंगोट फार वेळ तसाच ठेवायचा नाही. ठेवला की त्याला डोळ्यांतून पाणी काढणारा अमोनियाचा वास सुटतो. पिवळा डाग राहिला तर घासत बसायचं नाही. ओला असतानाच उन्हात टाकायचा, ऊन तो हळूहळू खाऊन टाकतं. मी एक वहीच घातली. सकाळची शिल्लक, दिवसभरात वापर, धुतले, वाळले, दोरीवर. पहिल्या दिवशी वापर २२. संध्याकाळी हिशेबात एक लंगोट कमी आला. बँकेत अशा वेळी कुणी घरी जात नाही. मीही झोपलो नाही. रात्री साडेअकराला तो मुलीच्याच अंगावर सापडला.

''तुझ्या वेळी नळ एक आणि बिऱ्हाडं सोळा,'' आई सांगू लागली. जोगेश्वरीच्या पाण्याचा इतिहास पुस्तकात वेगळा आहे. विहार तलाव १८६० साली पुरा झाला. तो आमच्या पूर्वेच्या टेकड्यांपलीकडे, म्हणजे हाकेच्या अंतरावर. पण ते पाणी खाली शहरासाठी होतं. जोगेश्वरीपर्यंतचा भाग मुंबईच्या महापालिकेत आला तोच १९५० साली. आईच्या इतिहासात सालं नाहीत, वेळा आहेत. पहाटे साडेचारला पाणी यायचं, साडेपाचला जायचं. आधी सगळ्यांचं पिण्याचं भरून व्हायचं. बाळोतीवालीचा नंबर शेवटी. तोवर नळाची धार करंगळीएवढी झालेली असायची. करंगळीएवढ्या धारेखाली तिने मला मोठं केलं.

आणि साबण? लिव्हर ब्रदर्सचा सनलाइट कलकत्त्याच्या बंदरात उतरला १८८८ साली. शिवडीला कंपनीच्या कारखान्यात साबण होऊ लागला १९३४ साली. ५०१ चा बार होता, १९५९ साली सर्फची पूड आली. त्याआधी राख, रिठे, सोडा. गावाकडे सोयराचे दहा दिवस कपडे परटीण नेई. तिला त्याबद्दल धान्य आणि नारळ मिळे. तिच्या मुलाची बाळोती कोण धूत असे, हे कुणी विचारलं नाही.

एका वैद्य मित्राला मी ही सगळी कथा ऐकवली. तो म्हणाला, ''तुझ्या आधी चरकाने लिहून ठेवलंय.'' मला वाटलं थट्टा करतोय. पण त्याने चरकसंहिता काढून दाखवली. ग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. शारीरस्थान, आठवा अध्याय. बाळाची अंथरुणं-पांघरुणं मऊ, हलकी, स्वच्छ असावीत, असं चरकाचार्य सांगतात. मलमूत्राने खराब झालेली टाकून द्यावीत. आणि लगेच पुढे म्हणतात, की दुसरी मिळणं शक्य नसेल, तर तीच चांगली धुऊन, धुरी देऊन, शुद्ध आणि कोरडी करून वापरावीत.

मी ते दोनदा वाचून घेतलं. म्हणजे वापरून फेकून द्यायचा पक्ष आणि धुऊन वापरायचा पक्ष, हे भांडण अमेरिकेतून आलेलं नाही! दोन हजार वर्षांपूर्वी दोन्ही पक्ष एकाच उताऱ्यात शेजारी शेजारी नांदत होते. पहिलं वाक्य राजवाड्यासाठी. दुसरं आपल्यासाठी. 'शक्य नसेल तर' या तीन शब्दांत अख्खा मध्यमवर्ग राहतो. स्वतंत्र खोली शक्य नसेल तर, टॅक्सी शक्य नसेल तर, नवं शक्य नसेल तर. चरकाचार्य जोगेश्वरीला कधी आले नसतील, पण आमचं बजेट त्यांना ठाऊक होतं.

फेकून द्यायच्या पक्षाचा पुढचा इतिहास मात्र तपशीलवार उपलब्ध आहे. सेफ्टी पिन न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने शोधली, पेटंट १८४९ चं. त्याच्यावर पंधरा डॉलरचं कर्ज होतं म्हणे. ते फेडण्यासाठी त्याने तारेचा तुकडा वाकवून पिन केली आणि हक्क ४०० डॉलरला विकून टाकले. कर्जखात्यावर बसणारा माणूस म्हणून मला त्याच्याबद्दल आदर वाटतो. पंधरा डॉलरच्या थकबाकीसाठी एवढं कुणी करत नाही. पुढे १९४६ साली मॅरियन डोनोव्हन या बाईंनी न्हाणीघरातला पडदा कापून लंगोटावरचं जलरोधक आवरण शिवलं. ते १९४९ साली न्यूयॉर्कच्या दुकानात आलं. पेटंट १९५१ चं; हक्क विकले दहा लाख डॉलरला. शेवटी व्हिक्टर मिल्स. हे प्रॉक्टर अँड गँबल कंपनीतले रसायन अभियंते. नातवंडाची बाळोती बदलायचा त्यांना मनस्वी कंटाळा. त्या कंटाळ्यातून त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी जो माल काढला तो १९६१ साली पॅम्पर्स या नावाने बाजारात आला.

मी या मंडळींना नावं ठेवत नाही. मुलीला बाहेर नेताना आम्हीही आता डायपरच बांधतो आणि व्हिक्टररावांचे मनोमन आभार मानतो. पण वही लिहिता लिहिता एक गोष्ट खटकली. बाळोतं धुणं ज्यांनी टाळलं त्या सगळ्यांची नावं आहेत, सालं आहेत, पेटंटचे आकडे आहेत. ज्यांनी ते धुतलं त्यांच्यापैकी एकीचंही नाव कुठल्या कागदावर नाही.

आषाढ लागला आणि बखरीतलं शेवटचं प्रकरण सुरू झालं. आमच्याकडे सहाव्या शतकातलं जोगेश्वरीचं लेणं आहे. पावसाळ्यात त्याच्याही भिंती पाझरतात. म्हणजे किमान दीड हजार वर्षं जोगेश्वरीत पावसाळ्यात काही वाळत नाही, याला दगडी पुरावा आहे. दर्शनी गॅलरीत कपडे वाळत घालू नयेत, अशी आमच्या सोसायटीची नोटीस आहे. मी दोऱ्या आत बांधल्या. दिवाणखान्यातून वाकून जावं लागे. आलेला पाहुणा चौवीस बदकांना नमस्कार करतच आत येई. आईने आधी शेगडी, तिच्यावर उपडी टोपली आणि टोपलीवर लंगोट असा जुना बेत सुचवला. निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, वेखंड. चरकाच्याही धुरीत मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ यांच्या जोडीला वेखंड आहेच. लंगोट वाळले. पण धूर जिन्यात गेला आणि वॉचमन वाळूची बादली घेऊन धावत वर आला. तेव्हापासून इस्त्री.

मग एकदा चार दिवस सूर्यच दिसला नाही. पाचव्या रात्री दोन वाजता वीज गेली. वहीप्रमाणे शिल्लक: धुतलेले चौवीस, वाळलेले शून्य. मुलगी रडतेय. आणि नेमकं डायपरचं पाकीट संध्याकाळी संपलेलं.

आई काठी टेकत उठली आणि तिने तिची पत्र्याची पेटी उघडायला लावली. तळाशी, बाबांच्या गिरणीच्या पासाखाली, एक घडी होती. हिरवं, धुऊन धुऊन पांढुरकं झालेलं लुगडं. अर्धंच होतं.

''तुझ्या आजीचं,'' आई म्हणाली. ''तू झालास तेव्हा ती गावाहून घेऊन आली होती. अर्ध्यात तुझे डझनभर झाले. अर्धं ठेवलं होतं.''

मी १९८१ च्या जुलैतला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा सहा महिन्यांचा होतो. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात बाबा. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. बाबा पुन्हा खळ चढवायला गेले नाहीत. रात्रपाळीचे वॉचमन झाले. हे मला माहीत होतं. पण त्या वर्षी घरात साबण नव्हता, शेजारच्यांच्या बंबातली राख मागून आणून आई माझे लंगोट धूत होती, हे मला त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात पहिल्यांदा कळलं. वाईट वाटून घेऊन ती सांगत नव्हती. राखेने डाग कसा छान निघतो, हे ती सांगत होती.

''काप,'' ती म्हणाली. कात्री तिच्या बोटांत राहत नव्हती.

''आई, नको ना. आजीची एवढीच वस्तू राहिलीय. ठेवू या आठवण म्हणून.''

''आठवण पेटीत ठेवून काय करायचीय? पोर ओली आहे.'' मग थोडं थांबून म्हणाली, ''ती मला काय म्हणाली होती माहीत आहे? लुगडं विरलं म्हणजे संपलं नाही. तेव्हा कुठं ते बाळाजोगतं होतं.''

मी काठाशी कात्रीने एक खाच पाडली आणि फाडलं. आवाजसुद्धा झाला नाही, इतकं ते मऊ होतं. चौकोन केला, तिरका दुमडून त्रिकोण केला, आईने सांगितलं तशी गाठ मारली. मुलीने दहा मिनिटांत त्याची परीक्षा घेतली. माझी मांडी कोरडी राहिली. या कापडाला सहा धुणी द्यायची गरज नव्हती; दोन बायकांनी ती कधीच देऊन ठेवली होती.

सकाळी मी तो लंगोट गार पाण्यात धुतला. मग वही काढली. सकाळची शिल्लक २५, असं लिहिलं. बखरीच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव घालायची रीत आहे, म्हणून खाली आणखी एक ओळ लिहिली: 'धुणार: आजी, आई, मी.' शाई वाळण्यासाठी वही मांडीवर उघडी ठेवली आणि मुलीला जवळ घेतलं. घाईत लंगोट बांधायचा राहिला होता. तिने त्या ओळीशेजारी आपली सही केली.

ते पान अजून नीट वाळलेलं नाही.